एका क्रियाविशेषणाचें चरित्र

इंग्रजी शिकूं लागलेल्या आपल्याकडील विद्यार्थ्यास जे शब्द अगदीं पहिल्या वर्षीं भेटतात, त्यांत ‘व्हेरी’ हा एक आहे. ‘व्हेरी’ म्हणजे ‘फार’, एवढें पाठ झालें कीं त्या शब्दाशीं आपला हिशेब चुकता झाला, अशी त्याची समजूत होते. आणि तो ‘आय व्हेरी लाइक इट’ असें वाक्य निर्धास्तपणें लिहून टाकतो. शिक्षक तें वाक्य तांबड्या शाईनें खोडतात. ‘मला हें फार आवडतें’ या मराठी वाक्यांत ‘फार’ हा शब्द क्रियापदाच्या शेजारीं सुखानें नांदतो. मग इंग्रजीनेंच आपल्या ‘व्हेरी’स ती जागा कां नाकारावी, असें एखाद्या चौकस मुलानें विचारलें, तर व्याकरणाचें पुस्तक त्यास नियम सांगतें, कारण सांगत नाहीं. ‘व्हेरी’ विशेषणापूर्वीं व क्रियाविशेषणापूर्वीं योजावा, क्रियापदाबरोबर ‘व्हेरी मच’ म्हणावें, इतकें बोलून तें मौन धरतें.

या नियमाचें कारण व्याकरणांत सांपडावयाचें नाहीं. तें इतिहासांत शोधिलें पाहिजे. शब्द हे कुळवंतांप्रमाणें आपल्या पूर्वजांच्या चालीरीती पुष्कळ दिवस पाळीत असतात, आणि त्या चालींचें मूळ विसरलें गेलें म्हणजे त्यांस आपण ‘नियम’ असें नांव देतों. ‘व्हेरी’ हा शब्द आज जोर दाखवितो. परंतु तो जन्मतः जोराचा शब्द नव्हे. तो सत्याचा शब्द आहे. ही एक गोष्ट ध्यानांत ठेविली, तर त्याच्या उपयोगाचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात, आणि तो जपून कां वापरावा याचेंही उत्तर मिळतें.

इ. स. १०६६ मध्यें नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम यानें इंग्लंड जिंकलें. त्यापूर्वींच्या भाषेस प्राचीन इंग्रजी म्हणतात. नवव्या शतकांत राजा आल्फ्रेड यानें लॅटिन ग्रंथांचीं भाषांतरें केलीं व करविलीं, तीं याच भाषेंत. या भाषेंत ‘फार’ या अर्थीं नेहमीं येणारा शब्द ‘स्वीथे’ हा होता. ‘स्वीथ’ म्हणजे बलवान्. त्या विशेषणापासून हें क्रियाविशेषण बनलें. उजव्या हातासही त्या काळीं याच विशेषणाच्या तरतमरूपानें ओळखीत. कारण उजवा हात तो अधिक बळाचा हात. म्हणजे जोर दाखविणारा इंग्रजांचा पहिला शब्द खरोखरीच मनगटाच्या जोरांतून निघाला होता. आणि या ‘स्वीथे’स विशेषण व क्रियापद असा पंक्तिभेद ठाऊक नव्हता. ‘फार चांगला’ येथेंही तो येई, आणि ‘फार प्रेम केलें’ येथेंही तोच येई. आपल्या विद्यार्थ्याचें खोडलेलें वाक्य आल्फ्रेडच्या दरबारांत ‘स्वीथे’ घालून वाचलें असतें, तर तेथें त्यास कोणी हंसलें नसतें.

हा शब्द इंग्रजींतून आज नाहींसा झाला आहे. विंचेस्टर येथील नवव्या शतकांतील बिशप संत स्विदन याच्या नांवांत मात्र तो दडून राहिला आहे. १५ जुलै हा या संताचा दिवस. त्या दिवशीं पाऊस पडला तर पुढें चाळीस दिवस पडत राहतो, अशी इंग्लंडांतील लोकांची जुनी समजूत आहे. मृग आणि आर्द्रा यांच्या वाहनांवरून पावसाचे ठोकताळे बांधणाऱ्या आपल्या लोकांस यांत नवल वाटणार नाहीं. शब्द गेला, संत राहिला, आणि पाऊसही राहिला.

विल्यमच्या विजयानंतर राजदरबाराची व न्यायदरबाराची भाषा फ्रेंच झाली. सामान्य जनांची इंग्रजी तीनएक शतकें खालच्या पायरीवर राहिली, आणि वर आली तेव्हां ती पूर्वींची राहिली नव्हती. ‘स्वीथे’ हळूहळू मागें पडला; त्याच्या ठिकाणीं ‘पूर्ण’ या अर्थाचा ‘फुल’, ‘चांगलें’ या अर्थाचा ‘वेल’, आणि पुढें ‘सरळ, योग्य’ या अर्थाचा ‘राइट’ हे पुढें आले. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चॉसरनें काव्यें लिहिलीं, त्यांत ‘फुल’ ठायीं ठायीं आढळतो.

याच सुमारास फ्रेंचमधून ‘वेराइ’ हा शब्द इंग्रजींत रूढ झाला. लॅटिनमधील ‘वेरुस’ म्हणजे खरा; त्याच घराण्यांतील हा वंशज. न्यायसभेंतील पंचांचा निकाल, ज्यास इंग्रजींत ‘व्हर्डिक्ट’ म्हणतात, तोही याच कुळांतील. त्याचा मूळ अर्थ ‘सत्यवचन’. पडताळून पाहणें या अर्थाचा ‘व्हेरिफाय’ हाही त्यांचाच भाऊबंद. ‘वेराइ’ हें तेव्हां निव्वळ विशेषण होतें. खरा देव, खरा मित्र, खरी श्रद्धा असें म्हणावयाचें असलें कीं तो शब्द योजीत. चॉसरनें ‘कँटरबरी टेल्स’ या आपल्या काव्याच्या प्रास्ताविकांत एका सरदाराचें वर्णन केलें आहे. तेथें तीन विशेषणें एकापुढें एक ठेविलीं आहेत, आणि त्यांतील पहिलें हेंच आहे. आजचा वाचक तें वाचतांना ‘फार निर्दोष व सभ्य सरदार’ असा अर्थ लावून मोकळा होतो. चॉसरचें म्हणणें ‘खरा, निर्दोष, सभ्य सरदार’ असें आहे, असा जाणत्यांचा अभिप्राय आहे.

वाचकाची ही चूक मोठी उद्बोधक आहे. कारण शब्दाचा अर्थ ज्या वाटेनें पालटला ती वाट हीच. आपण मराठींत ‘खरा शूर पुरुष’ असें म्हटलें, तर ‘खरा’ हा शब्द पुरुषाकडे जातो कीं शूरपणाकडे जातो, याचा निर्णय ऐकणारा आपल्या मनाशीं करतो. पुरुष खरा, असें कोणी समजतो. शौर्य खरें, असें दुसरा समजतो. दोघांचेंही काम भागतें, म्हणून तंटा उपस्थित होत नाहीं. परंतु दुसऱ्या प्रकारें समजणारे वाढत गेले, म्हणजे ‘खरा’चा ‘खरोखर’ होतो, आणि ‘खरोखर शूर’ याचा कांहीं काळानें ‘फार शूर’ होतो. इंग्रजींत पंधराव्या शतकांत हें स्थित्यंतर चाललें होतें. सोळावें शतक संपेपर्यंत, म्हणजे शेक्सपिअरच्या काळीं, ‘व्हेरी’ हा जोराचा नित्याचा शब्द होऊन बसला.

आतां आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. ‘व्हेरी’ हें मूळचें विशेषण. त्याची बैठक नामाजवळ. आणि नामाजवळ दुसरें विशेषण असेल तर त्या दोहोंच्या शेजारांतच त्याचा अर्थ पालटला. क्रियापदाच्या अंगणांत त्यानें कधीं पाऊल टाकलेंच नव्हतें. ‘स्वीथे’ गेल्यावर क्रियापदाजवळची जागा रिकामी पडली, ती ‘मच’ या शब्दानें घेतली. ‘मच’ याचा मूळ अर्थ ‘मोठा’. तो प्रमाण दाखवितो, आणि क्रियेचें प्रमाण सांगण्यास तो योग्यच होता. येणेंप्रमाणें एका शब्दाची जहागीर दोघां वारसांत वांटली गेली. मराठींतील ‘फार’ अद्याप अविभक्त कुटुंबांत आहे; इंग्रजीच्या घरीं वांटणी झालेली आहे. म्हणून ‘आय लाइक इट व्हेरी मच’ असें म्हणतांना ‘व्हेरी’ हा क्रियापदास न चिकटतां ‘मच’च्या आश्रयानें उभा राहतो.

दुसऱ्या कांहीं प्रयोगांचाही उलगडा यानेंच होतो. ‘व्हेरी बेटर’ चूक, ‘मच बेटर’ बरोबर. आणि तरीही ‘दि व्हेरी बेस्ट’ बरोबर, हें कोडें पुष्कळांस सुटत नाहीं. ‘बेटर’ म्हणजे दुसऱ्याहून चांगला. त्यांत दोघांमधील अंतर मोजावयाचें असतें, आणि मापाचें काम ‘मच’कडे आहे. ‘दि व्हेरी बेस्ट’मध्यें मात्र मोजमाप नाहीं, तेथें ‘व्हेरी’ आपल्या जुन्या अर्थाच्या जवळ उभा आहे. ‘खरोखरीच जो सर्वोत्तम तो’ असा त्याचा भाव. त्याचप्रमाणें ‘दि व्हेरी मॅन’ म्हणजे ‘फार मनुष्य’ नव्हे, तर ‘तोच मनुष्य’. येथें ‘व्हेरी’चें भाषांतर ‘फार’ या शब्दानें होत नाहीं. तें आपल्या ‘च’ या एका अक्षरानें होतें. एकाच शब्दाचीं हीं दोन वयें आजच्या इंग्रजींत शेजारीं शेजारीं नांदत आहेत.

भूतकालवाचक धातुसाधितांच्या बाबतींत तर इंग्रजांचेंच एकमत नव्हतें. एकोणिसाव्या शतकांतील कित्येक वैयाकरणांस ‘व्हेरी प्लीज्ड’ हा प्रयोग खपत नसे. ‘प्लीज्ड’ हें क्रियापदाचें रूप, तेव्हां त्याजवळ ‘मच’च पाहिजे, असा त्यांचा आग्रह. फौलर या व्यासंगी कोशकारानें १९२६ सालच्या आपल्या भाषाप्रयोगविषयक ग्रंथांत या वादाचा ऊहापोह केला आहे. व्यवहारांत लोकांनीं निवाडा केला तो असा: ज्या धातुसाधिताचें पुरतें विशेषण बनलें आहे, जसें ‘टायर्ड’, त्यास ‘व्हेरी’, ज्यांत क्रियेचा वास अजून आहे, जसें ‘लव्ह्ड’, त्यास ‘मच’. ‘प्लीज्ड’ आतां पहिल्या पंक्तींत येऊन बसला आहे.

आपल्या लोकांकडून याहून मोठा घोटाळा होतो तो ‘टू’ या शब्दाच्या बाबतींत. ‘आय ॲम टू हॅपी’ असें वाक्य हिंदुस्थानांत आनंदाच्या पत्रांतून वारंवार लिहिलें जातें. त्याचें कारणही ‘फार’ हाच होय. ‘भाजी फार चांगली झाली’ आणि ‘भाजींत मीठ फार झालें’, या दोन्ही वाक्यांत आपण ‘फार’ म्हणतों. पहिल्यांत स्तुति आहे, दुसऱ्यांत तक्रार. प्रसंग पाहून ऐकणारा अर्थ जाणतो. इंग्रजीनें या दोन अर्थांस दोन शब्द दिले. ‘टू’ हा शब्द मूळचा ‘कडे, आणखी’ या अर्थाच्या ‘टु’हून निराळा नव्हे, लिहिण्यांतील भेद सोळाव्या शतकापासून रूढ झाला. मर्यादेपर्यंत जाऊन आणखी पुढें गेलेलें, असा त्याचा भाव आहे. म्हणून त्यामागून बहुधा एक नकार येत असतो. ‘टू टायर्ड टु वॉक’ म्हणजे इतका थकलेला कीं चालवत नाहीं. ‘टू हॅपी’ म्हणणाऱ्यास इंग्रज मनांत विचारतो, ‘इतका आनंद झाला कीं काय करवेनासें झालें?’ एवढें मात्र खरें कीं, ही हौस केवळ आपलीच नव्हे. १८८० च्या सुमारास लंडनमधील सौंदर्यवादी मंडळींच्या तोंडीं ‘टू’ व ‘अटर्ली’ हे शब्द इतके बसले होते कीं विनोदी लेखकांस तें आयतेंच खाद्य झालें.

येथवर शब्दाच्या कुळाचा विचार झाला. आतां त्याच्या झिजण्याचा विचार करावयाचा. नाणें हातोहात फिरून गुळगुळीत होतें, तशी जोराच्या शब्दांची गति होते. ज्यास त्यास आपलें म्हणणें शेजाऱ्याच्या म्हणण्याहून वजनदार करावयाचें असतें. तो शब्दास अधिक भार देतो. सगळेच तसें करूं लागले म्हणजे भार उरत नाहीं. मग नवा शब्द शोधावा लागतो. अठराव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या उच्च वर्गांत ‘व्हास्टली’ या शब्दाची अशीच साथ आली. ‘व्हास्ट’ म्हणजे अफाट, विस्तीर्ण. लॉर्ड चेस्टरफील्ड यानें ‘दि वर्ल्ड’ या नियतकालिकांत ५ डिसेंबर १७५४ रोजीं या फॅशनची थट्टा केली. एका सभ्य स्त्रीनें तपकिरीची एक इवलीशी सोन्याची डबी हातांत घेऊन ती अफाट सुंदर असल्याचें सांगितलें. आणि सुंदर कां, तर ती अफाट लहान आहे म्हणून, असा तो किस्सा आहे.

हा लेख चेस्टरफील्डनें विनोदाखातर लिहिला असला, तरी त्यास एक निमित्त होतें. डॉ. जॉन्सन याचा इंग्रजी शब्दकोश तेव्हां छापून होत आला होता, आणि अशा शब्दांस कोशकारानें मर्यादा घालून द्यावी, असें लॉर्डसाहेबांचें सुचविणें होतें. कोश १७५५ च्या एप्रिलांत प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेंत जॉन्सननें कबूल केलें आहे कीं, कोशानें भाषा स्थिर करतां येईल अशी आशा आपणही एकदां बाळगिली होती. परंतु तिला ना विवेकाचा आधार, ना अनुभवाचा. नऊ वर्षें शब्दांच्या सहवासांत काढलेल्या मनुष्याचा हा कबुलीजबाब आहे. ‘व्हास्टली’ची साथ पुढें ओसरली, परंतु ती कोशामुळें नव्हे, लोकांस तिचा कंटाळा आला म्हणून. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरींत जेन ऑस्टेन हिनें इझाबेला थॉर्प नांवाच्या एका उथळ तरुणीच्या तोंडीं ‘अमेझिंगली’ हा शब्द घालून तिचा स्वभाव दाखविला आहे. एका क्रियाविशेषणावरून मनुष्याची पारख करतां येते, हें त्या चतुर लेखिकेनें ओळखलें होतें.

एकोणिसाव्या शतकांत भीतीच्या शब्दांची पाळी आली. ‘ऑफुल’ म्हणजे ज्याच्यापुढें मनुष्यानें भयानें व आदरानें नम्र व्हावें असें. ईश्वरासंबंधानें योजावयाचा शब्द. त्याचा ‘ऑफुली’ होऊन तो चहाच्या पेल्यापर्यंत येऊन पोंचला. ‘टेरिब्ली’, ‘ड्रेडफुली’, ‘फ्राइटफुली’ हे त्याच्याच जातीचे. आपल्याकडे ‘भयंकर सुंदर’ असें म्हणणारांस नांवें ठेवणाऱ्यांनीं हें पाहावें. जर्मन भाषेंत ‘फार’ या अर्थीं जो ‘झेर’ शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ ‘दुःखदपणें’ असा आहे. इंग्रजींतील ‘सोअर’, म्हणजे दुखरा, हा त्याचाच सगा. १६११ च्या इंग्रजी बायबलांत हा ‘सोअर’ही ‘अत्यंत’ या अर्थानें आलेला आहे. फ्रेंचांचा ‘त्रे’ लॅटिन ‘ट्रान्स’पासून, म्हणजे ‘पलीकडे’ या अर्थाच्या शब्दापासून झाला. आपल्या संस्कृत ‘अति’चा भावही तोच. आपला ‘फार’ हा संस्कृत ‘स्फार’, म्हणजे विस्तीर्ण, यापासून आला. म्हणजे त्याची व चेस्टरफील्डच्या ‘व्हास्ट’ची कल्पना एकच. ‘खूप’ हा फारसी ‘खूब’, म्हणजे चांगला, याचा अवतार. तो इंग्रजी ‘वेल’च्या जातीचा. बळ, पूर्णता, विस्तार, भय, दुःख, सत्य, या थोड्याच विहिरींतून सर्व भाषा आपला जोर शेंदीत आल्या आहेत.

विद्वानांचें या विषयाकडे लक्ष गेलें त्यासही आतां शतकाहून अधिक काळ लोटला. स्टोफेल या डच पंडितानें १९०१ मध्यें इंग्रजींतील जोर वाढविणाऱ्या व कमी करणाऱ्या क्रियाविशेषणांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इंग्लंडांतील यॉर्क शहरांतील लोकांचें बोलणें टिपून रिका इतो व सॅली टॅग्लियामोंटे या विदुषींनीं २००३ मध्यें जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत असें दिसून आलें कीं वृद्धांच्या बोलण्यांत ‘व्हेरी’ प्रबळ आहे, तर तरुणांच्या बोलण्यांत ‘रिअली’. ‘फ्रेंड्स’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेंतील संवादांची अशीच पाहणी २००५ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत ‘सो’ या शब्दानें दोघांसही मागें टाकलें होतें. यांतील ‘रिअली’चा उदय मननीय आहे. ‘रिअली’ म्हणजे वास्तविक, खरोखर. ‘व्हेरी’ ज्या विहिरींतून निघाला, तिच्यांतच सहा शतकांनंतर पुन्हा पोहरा सोडण्यांत आला. पहिलें सत्य वापरून झिजलें, म्हणून दुसरें सत्य आणावें लागलें.

मग अशा शब्दांचा योग्य उपयोग म्हणजे काय? व्याकरणाचे नियम वर आलेच आहेत, आणि त्यांचें पालन झालें पाहिजे. परंतु नियम पाळूनही लेखन पोकळ राहूं शकतें. योग्य उपयोगाचें दुसरें अंग असें कीं, ज्या गुणास कमीअधिकपणा आहे त्यासच ‘व्हेरी’ लावावा. मृत, रिकामा, एकमेव, या गोष्टींत प्रमाण नसतें. तेथें पूर्णता सांगणारा शब्द हवा. तिसरें अंग याहूनही महत्त्वाचें. प्रत्येक गुणाचा आपला असा जोर असतो. इंग्रज ‘व्हेरी अस्लीप’ म्हणत नाहीं, ‘फास्ट अस्लीप’ म्हणतो. येथें ‘फास्ट’ म्हणजे जलद नव्हे, तर त्याच्या जुन्या अर्थानें घट्ट. आपणही ‘फार झोप’ आणि ‘गाढ झोप’ यांत भेद करतों. मराठींत तर रंगारंगाला निराळा साज आहे: हिरवागार, पिवळाधमक, लालभडक, पांढराशुभ्र, काळाकुट्ट. ‘गार’ हा शब्द पिवळ्यास चालावयाचा नाहीं, आणि ‘धमक’ हिरव्यास. ज्या भाषेनें इतकें बारीक विणकाम करून ठेविलें आहे, ती बोलणाऱ्यानें सगळीकडे एकच ‘फार’ किंवा ‘भयंकर’ पसरून द्यावा, हा त्या संपत्तीचा अनादर होय. आणि अशा मनुष्यास परभाषेंतही नेमका शब्द शोधण्याची संवय कोठून लागणार?

आपल्या जुन्या पत्रलेखकांचा एक रिवाज येथें सांगण्याजोगा आहे. मजकूर संपतांना ते ‘बहुत काय लिहिणें’ असें लिहीत. ‘बहुत’ हा त्यांच्या काळचा जोराचा शब्द. आणि त्याचा उपयोग ते करीत तो बोलणें वाढविण्याकरितां नव्हे, तर थांबविण्याकरितां. पुढें लिहिण्याची गरज नाहीं, कारण वाचणारा सुज्ञ आहे, हा विश्वास त्यांत आहे. ‘व्हेरी’ लिहिण्यापूर्वीं लेखकानें एवढेंच मनाशीं विचारावें, कीं तो शब्द काढून घेतला तर वाक्य खोटें होतें काय? होत असेल तर तो अवश्य ठेवावा. कारण तेथें तो आपलें मूळचें काम, म्हणजे सत्य सांगण्याचें काम, करीत आहे. होत नसेल, तर त्याच्यावांचून वाक्य अधिक भारदस्त दिसेल.